एकतिसानंतर चौतिसावा फर्मा

तीर्थरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार लिहायला बसलो होतो, पण आठ अंगांपैकी दोन गुडघे सध्या जमिनीला टेकायला राजी नाहीत, तेव्हा उरलेल्या अंगांनी केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून तसं लिहितो. तुमचा खांदा कसा आहे? निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी तुम्ही रोज सकाळी अंगणात उभं राहून एक-दोन-तीन-चार म्हणत हात फिरवता असं वहिनींनी मागे कळवलं होतं. (समोर मुलं नसताना कवायत घेणारे कवायत मास्तर तुम्हीच. खांदा बिचारा कोणाकडे तक्रार करणार?) वहिनींना माझा नमस्कार सांगावा आणि शिट्टी त्यांच्या कानापासून लांब ठेवावी.

तुमचं पत्र पोचलं. पत्र कसलं, दोन ओळी. पहिली ओळ, पत्राची घडी वाकडी होती. दुसरी ओळ, औषध सुरू केलं का? खाली सही. मी तुम्हाला चार चार पानं लिहितो आणि तुम्ही दोन ओळींत माझी हजेरी घेता. या दोन ओळींचं उत्तर द्यायला मला अकरा दिवस लागले यावरूनच काय ते ओळखा. पण ओळखू नका, मी सगळं सांगतो.

आधी घडीचं. आमच्या घरातली कामाची वाटणी तुम्हाला ठाऊक आहेच. पुस्तक बांधायला आलं की उसवणं, फर्मे लावणं, सरस, पुठ्ठा आणि शिकंज्यात दाबणं माझ्याकडे. घड्या आणि शिलाई तुमच्या बहिणीकडे. (फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, असे पन्नास-साठ एकावर एक शिवले की जाड पुस्तक होतं. हे तुम्हाला माझ्या लग्नापासून माहीत आहे, पण वहिनी पत्र वाचतील म्हणून लिहिलं.) कागदाची जी वस्तू या घरातून बाहेर जाते, मग ते विजेचं बिल असो की तुमचं पत्र, ती हिच्या घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीखालून गेल्याशिवाय जात नाही. मी घातलेली घडी हिला बघवत नाही. मागच्या पत्राचीही घडी हिनेच घातली होती, फक्त त्या दिवशी अंगठा वाकला नाही, त्यामुळे कडा सुताएवढ्या सरकल्या. माझ्या लक्षात आलं होतं. तुमच्या येणार नाही असं वाटलं होतं. चाळीस वर्षं मुलांना रांगेत उभं करणाऱ्या माणसाला आपण पत्र पाठवतोय हे मी विसरलो.

आता दुसरी ओळ. तिचं उत्तर एका शब्दात देता येईल, पण एका शब्दात दिलं तर तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होईल. सगळं सांगितलं तरी होईल, पण निदान सविस्तर होईल.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही मोठ्या रुग्णालयात रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टरबाई वयाने आपल्या कोणाच्याही मुलीसारख्या, केसांत पेन खोचलेलं, आणि बोलताना बघायचं आपल्याकडे की पडद्याकडे हे त्यांचं अजून ठरलेलं नसावं. त्यांनी सांगितलं, हा संधिवातातलाच एक प्रकार आहे, यात शरीराची स्वतःची संरक्षण करणारी फौज स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजून झोडपते. मी तीन प्रश्न विचारले. तुमच्या बहिणीने एकच विचारला, सुई धरता येईल ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळी वेळेवर सुरू केली तर येईल. गोळी आठवड्यातून एकदा, दर मंगळवारी. काम काय, तर ती ही फौज जरा दाबून ठेवते. आता तुम्हीच सांगा दादा, फौज दाबायची हे कोणाला पटेल? मी म्हणालो, दाबण्यापेक्षा तिला आपलं कोण आणि परकं कोण ते नीट समजावून सांगता येणार नाही का? त्यावर त्या म्हणाल्या, तेवढं सांगता आलं असतं तर मला या खुर्चीत बसावं लागलं नसतं, आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

घरी येताना मी हिला म्हणालो, घाई करायची नाही, आधी मी वाचून बघतो. वाक्य बोलून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं. चौतीस वर्षं मी पुस्तकं बांधतोय, पण वाचलं एकही नाही. आमच्या धंद्यात वाचायचं असतं ते फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात छापलेला बारीक नंबर. एक, दोन, तीन, चार. तुमच्या कवायतीसारखंच. नंबर ओळीत लागले की पुस्तक बरोबर. आत काय लिहिलंय ते लिहिणारा आणि त्याची बायको जाणे. पण योग असा की त्याच आठवड्यात वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयातून जो गठ्ठा आला होता त्यात रोगप्रतिकारशास्त्राचा मोठा संदर्भग्रंथ होता. नऊशे पानं, पाठ मोडलेली. टेबलावर त्याचे फर्मे सुटे करून ठेवलेले होते. रिपोर्ट घेऊन आलो त्याच संध्याकाळी मी ते लावले, पुढचे तीन दिवस हिने ते शिवले (एरवी अर्ध्या दिवसाचं काम, मध्ये मध्ये हात मांडीवर ठेवून बसायची, मी दुसरीकडे बघायचो), मग मी पाठीला सरस लावला, पुठ्ठा चढवला, आणि वाचायला घेतला.

त्याआधी ग्रंथपालांचा सल्ला घेतला होता, नाही असं नाही. त्यांना आम्ही हळूबोले म्हणतो. ग्रंथालयात हळू बोला म्हणता म्हणता त्यांचा स्वतःचा आवाज असा झालाय की बाजारात भेटले तरी कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. त्यांनी माझ्या कानात सांगितलं, या विषयाची पुस्तकं उतरंडीने वाचायची. आधी चित्रांचं पातळ पुस्तक, जे पहिल्या वर्षाची मुलं वाचतात. मग मधलं, विद्यार्थ्यांचं. शेजारी संज्ञांचा कोश उघडा ठेवायचा. मोठा संदर्भग्रंथ शेवटी, आणि तोही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा नसतो, अडलं तेवढंच काढून बघायचं असतं. आणि काहीही झालं तरी उपचारांचं प्रकरण आधी उघडायचं नाही. सल्ला उत्तम होता. मी मोठा संदर्भग्रंथ घेतला आणि उपचारांचं प्रकरण उघडलं.

बरं, संदर्भाची पुस्तकं ग्रंथालयाबाहेर न्यायला मनाई. बाहेर जाऊ शकतात ती फक्त एकाच कारणासाठी, बांधणीला. हे लक्षात आल्यावर मला कोश हवा झाला तेव्हा मी हळूबोल्यांना सांगितलं की कोशाची पाठ सैल वाटते. पाठ दगडासारखी होती, मीच दोन वर्षांपूर्वी बांधली होती. मग चित्रांच्या पुस्तकाचा पुठ्ठा हलतोय म्हणालो. मग मधल्या पुस्तकाच्या शिलाईबद्दल शंका घेतली, तीही हिनेच घातलेली. महिन्याभरात त्या विषयाचं अख्खं कपाट आमच्या पुढच्या खोलीत आलं. शेवटी हळूबोले स्वतः येऊन माझ्या कानात म्हणाले, तुम्ही हल्ली धडधाकट पुस्तकांना आजारी ठरवताय. मी मान खाली घातली, कारण नेमकी हीच चूक करणाऱ्या फौजेबद्दल मी त्या वेळी वाचत होतो.

वाचन रोज संध्याकाळी. ही कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसायची आणि मी शेजारी स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचो. दादा, मी खोटं सांगत नाही, मला त्यात गोडी लागली. शरीरात सगळे आपले नातेवाईकच भरलेत. एक महाभक्षी पेशी असते. समोर येईल ते अख्खं गिळते आणि मग त्यातला एक तुकडा अंगावर मिरवत दारोदार दाखवत फिरते. मी वाचायचा थांबलो, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकदमच शेजारच्या काकूंचं नाव घेतलं. मग स्मृतिपेशी. एकदा त्रास दिलेला माणूस जन्मभर लक्षात ठेवतात आणि पुन्हा दिसला की दुप्पट जोराने तुटून पडतात. ही माझी थोरली आत्या. अठरा वर्षांपूर्वी मी तिला स्टेशनवर आणायला उशिरा गेलो होतो, अजूनही भेटली की आधी घड्याळ बघते. आणि छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, तिचं नाव यौवनलोपी. (वय वाढलं की आकसते म्हणून हे नाव. ठेवणाऱ्याला घरी कोणी विचारत नसावं.) तिथे नव्या पेशींची परीक्षा होते, आणि जी आपल्याच माणसांवर हात उगारते तिला तिथल्या तिथे संपवतात. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. मला तुमच्या वडिलांची आठवण झाली. मागणी घालायला आलो तेव्हा त्यांनी मला दोन तास बसवून ठेवून एकच प्रश्न विचारला होता, राग आला की काय करतोस? मी म्हणालो, पुठ्ठा कापतो. तेवढ्यावर पास झालो. हे वाचलं त्या दिवशी ही इतकी हसली की घमेल्यातलं पाणी सांडलं, आणि मला वाटलं, आता बरं वाटायला लागलं असावं.

आणि मग ते पान आलं. पान चारशे शहाण्णव, अगदी तळाशी. हिचीच गोळी, नावासकट. मी आवाज जरा चढवला. "या औषधाने सांध्यांची सूज उतरते, वेदना कमी होतात, आणि बहुतेक रुग्ण सहा ते आठ आठवड्यांत" असं वाचून मी समोरच्या पानाच्या माथ्यावर गेलो आणि त्याच आवाजात पुढे वाचलं, "खाणे सोडतात, कोपऱ्यात अंग चोरून बसतात, शेपटी ताठ होते, व दहाव्या दिवसापर्यंत सर्व मरण पावतात."

दादा, मी स्वतःला सावरलं. शेपटी हा शब्द अडला होता, म्हणून हळूबोल्यांनी सांगितल्याप्रमाणे कोश उघडला. शेपटी नव्हतं, पुच्छास्थी होतं, अर्थ माकडहाड. मी हिला धीराने समजावून सांगितलं की इथे शेपटी म्हणजे माकडहाड, ते ताठ झालं की बसायला त्रास होत असणार. ही मान खाली घालून घमेल्यात बघत राहिली. खांदे हलत होते. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, रडू नकोस. बऱ्याच वेळाने हिने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, "मग नको ती गोळी."

तीस वर्षांच्या संसारात तुमच्या बहिणीने माझं म्हणणं एका फटक्यात ऐकल्याची ही पहिलीच वेळ. मला, खरं सांगतो, वाईट वाटता वाटता थोडा अभिमानही वाटला. तशात मी ते पुस्तक स्वच्छ फडक्यात गुंडाळलं, काखेत मारलं आणि डॉक्टरबाईंना जाब विचारायला गेलो. दीड तास बसलो. माझा नंबर आल्यावर पुस्तक त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं, पानावर बोट ठेवलं आणि म्हणालो, वाचा. त्यांनी वाचलं. पान उलटलं. पुन्हा मागे घेतलं. केसांतलं पेन काढलं, मग परत खोचलं.

"तुमच्या मिसेसना शेपटी आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, सगळ्यांनाच असते, बसायच्या जागी. यावर त्यांनी पानाच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, चारशे शहाण्णवनंतर पाचशे एकोणतीस येतात का?"

मी तळाचा कोपरा बघितला. एकतिसाव्या फर्म्यानंतर चौतिसावा लागला होता. बत्तीस आणि तेहतीस त्याच्यामागे मुकाट उभे होते. जे खाणं सोडतात, अंग चोरून बसतात आणि शेपटी ताठ करून मरतात ते प्रयोगशाळेतले उंदीर होते, आणि त्यांना दिलेलं औषधही निराळंच, हिच्या गोळीचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. फर्मे लावले ती संध्याकाळ रिपोर्टाची होती हे मी वर लिहिलंच आहे. समोर भिंतीला डॉक्टरबाईंचा कागद टाचलेला होता, हात फर्म्यांवर होते आणि डोळे कागदावर. पाठीवर फर्म्यांच्या क्रमाने पायरीसारख्या उतरत जाणाऱ्या काळ्या खुणा असत्या तर चूक लांबूनही दिसली असती, पण त्या जुन्या सरसाबरोबर मीच खरवडून काढल्या होत्या. चौतीस वर्षं मी फक्त नंबर वाचले, मजकुराकडे ढुंकून बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मजकूर वाचला आणि नंबर वाचायचा राहिला. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की गोळी सुरू आहे ना, आणि मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, सूज पुढे कधीही उतरवता येते, पण झिजलेलं हाड परत येत नाही. किती मंगळवार गेले ते त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली तेव्हा मी पुस्तक गुंडाळलं.

आता तुम्ही म्हणाल, घरी जाऊन सरळ सांगायचं, चूक झाली. मीही वाटेत तेच म्हणत आलो. पण दारात आलो तर ही माझ्या शर्टाला बटण लावायला बसली होती, आणि सुई दोन्ही हातांनी धरली होती. दादा, या पुस्तकाची शिलाई ही तिची शेवटची शिलाई. त्यानंतर तिने दोऱ्याला मेण लावलेलं नाही. आजवर हिच्या हातचा एक फर्मा कधी चुकीच्या जागी गेला नाही, हे ती स्वतःच्या तोंडाने म्हणत नाही, पण मी म्हणालो की ऐकत थांबते. या पुस्तकात घोळ झालाय असं सांगितलं असतं तर चूक माझी असूनही ती म्हणाली असती, माझे हात गेले. म्हणून मी बोललो नाही. (हे कारण खरं आहे. माझी लाज हे कारण त्याहून जास्त खरं आहे.)

त्याऐवजी मी गुपचूप दुरुस्ती करायचं ठरवलं. ही काकूंबरोबर दोरा आणायला म्हणून बाहेर पडली होती ती सकाळ मी साधली. (येताना दोरा नाहीच, वर कोपराच्या आतल्या बाजूला पट्टी. म्हणे काकूंच्या मांजराने ओरबाडलं. मांजराच्या ओरबाड्यावर संदर्भग्रंथात पाऊण पान आहे, तेही मी वाचून काढलं. तुमच्या बहिणीला सध्या कशाकशाला तोंड द्यावं लागतंय बघा.) पुठ्ठा उतरवला आणि शिलाई उसवायला घेतली, तर गाठ बोट लावताच सुटली. हिची गाठ! जिच्या गाठी सोडवायला आजवर मला कात्री लागत आली. त्या सैल गाठीकडे बघून मला जे वाटलं ते लिहीत नाही, तुमची ती बहीण आहे. फर्मे नंबराप्रमाणे लावले, तीनदा मोजले, आणि स्वतः शिवायला बसलो. माझी शिलाई म्हणजे जखमेवरचे टाके. बोटाला अकरा वेळा सुई लागली, त्यातली एक जखम पिकली, आणि ज्या पांढऱ्या पेशींबद्दल इतकं वाचलं होतं त्यांची अख्खी पलटण मी अंगठ्यावर प्रत्यक्ष पाहिली. शिस्त चांगली होती, तुम्हाला आवडली असती.

त्याच संध्याकाळी घमेलं भरलं, स्टूल घेतलं, आणि सहज आठवल्यासारखं ते पान पुन्हा वाचलं. आता खरं वाक्य असं होतं: बहुतेक रुग्ण सहा ते आठ आठवड्यांत "पुन्हा आपले नेहमीचे काम करू लागतात." किती साधं वाक्य आहे बघा. हिने घमेल्यावरून मान वर केली आणि म्हणाली, "मनाचं वाचू नका." मी म्हणालो, मनाचं नाही, छापलेलं आहे. ती म्हणाली, त्या दिवशी तर वेगळं छापलं होतं, आणि माझं मन राखायला तुम्ही काहीही वाचाल. चष्मा आणून देतो म्हणालो तर म्हणे हात ओले आहेत. खोटं वाचलं तेव्हा तिने विश्वास ठेवला आणि खरं वाचलं तर माझी कीव केली. आज आठवा मंगळवार. गोळ्यांची डबी खिडकीत आहे. ती मी उघडून बघत नाही, बघवतच नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. पावती म्हणून चार ओळी लिहाव्यात, तीन लिहिल्यात तरी मी एक वाढली असं समजेन.

आपला,
मेहुणा

ता. क. तुमच्या दुसऱ्या ओळीचं उत्तर, नाही. सुरू केलेली नाही, आणि ती माझ्यामुळे. तेव्हा दादा, हात जोडून विनंती आहे, मिळेल त्या गाडीने या. ती माझं ऐकणार नाही, डॉक्टरबाईंचं ऐकणार नाही, पण लहानपणापासून तुमच्या शिट्टीवर उजवीकडे वळलेली आहे. शिट्टी घेऊन या. पुढचा मंगळवार चुकू देऊ नका.

ता. क. आणखी एक. आल्यावर पुस्तकाचं नाव काढू नये. गोळी चांगली असते हे तुम्ही स्वतः कुठेतरी वाचलं असं सांगावं. कुठे असं तिने विचारलं तर या विषयाची आमच्याकडे नसलेली दोन पुस्तकं हळूबोल्यांनी सुचवली आहेत, नावं मागे लिहिली आहेत, पाठ करून या. हे पत्र मी आता घडीसाठी हिच्याकडे देतोय. पाकीट ती चिकटवते आणि चालायला म्हणून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते. काळजी नसावी, माझी पत्रं ती वाचत नाही, फार लांब असतात म्हणते.

ता. क. दादा, मी वाचते. सगळी वाचते. हे पत्र तर उभ्यानेच वाचलं.

फर्मे शिवताना प्रत्येकाचा नंबर बोटाखालून जातो. एकतिसानंतर चौतीस आला तेव्हाच मी यांना म्हणाले होते, पुढचा चुकलाय. यांची नजर भिंतीवरच्या त्या कागदावर. असू दे, शिव, म्हणाले. तो चेहरा बघून मला पुढे बोलवेना. म्हणून शिवला, आणि पुढे उसवावा लागणार हे माहीत होतं म्हणून गाठ सैल ठेवली. जोर होता हातात तेवढा. आणि त्या शेपटीच्या संध्याकाळी मी रडत नव्हते रे. माकडहाडाचं ऐकून मला हसू आवरेना, आणि मान वर केली असती तर यांना आयुष्यभर पुरलं असतं.

गोळी मी पहिल्याच मंगळवारी घेतली. आज आठवी. आधी वाचतो म्हणाले तेव्हा मी बरं म्हणाले, आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. रक्त तपासायला काकूंबरोबर जाऊन आले, मांजर काकूंकडे कधीच नव्हतं. काकूंनी हे एवढं एक पोटात ठेवलंय, त्यांना त्याचा फार त्रास होतोय.

तू म्हणशील, मग सांगत का नाहीस. दादा, तीस वर्षं आम्ही एका टेबलाला समोरासमोर बसलो, आणि बोलणं काय, तर सुई दे, दोरा दे. आता हे रोज संध्याकाळी स्टूल ओढून शेजारी बसतात, पाणी निवलं का बोट घालून बघतात आणि मला वाचून दाखवतात. गोळी सुरू आहे म्हटलं की पुस्तक दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाईल. चार प्रकरणं राहिली आहेत.

तेव्हा तू ये. शिट्टी आण, यांच्यासमोर मला चांगला रागव, मी ऐकल्यासारखं करीन. पण सावकाश ये, पुढच्या महिन्यात. तोवर पुस्तक संपेल, आणि यांची ती शिलाईही मला एकदा नीट उसवून घालायची आहे, बघवत नाही. दोऱ्याला मेण लावून ठेवलंय.

आणि हे पत्र मिटून ठेवताना घाई करू नकोस. आधी घडी बघ. कडा जुळल्यात का ते मला दोन ओळींत कळव.